ॲस्पिरिन : एक नाम, दोन मात्रा

दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात मोठ्या मात्रेतील ॲस्पिरिन शर्करेचा चयापचय कोणत्या प्रक्रियेने सुधारते, याची मीमांसा करणारा एक निबंध २००२ साली 'जर्नल ऑफ क्लिनिकल इन्व्हेस्टिगेशन'मध्ये प्रसिद्ध झाला. भाषाशास्त्राच्या अध्यापकाने त्याचे परीक्षण करावे हा कोणास आगाऊपणा वाटेल. परंतु येथे प्रश्न औषधाचा नसून विधानाचा आहे.

निबंधातील रुग्ण नऊ, अवधी दोन आठवड्यांचा, मात्रा रोज सुमारे ७ ग्रॅम. उपाशीपोटीची रक्तशर्करा सुमारे २५ टक्क्यांनी उतरली. दाहाशी निगडित असे एक विकर सॅलिसिलेटमुळे रोखले जाते व इन्सुलिनच्या कार्यातील अडथळा कमी होतो, अशी उपपत्ती लेखकांनी मांडली आहे. ती विचारार्ह आहे. आक्षेप आहे तो शीर्षकातील क्रियापदाविषयी. नऊ जणांत जे 'सुधारले', ते शीर्षकात 'सुधारते' झाले. भूतकाळाचा रीतिवर्तमान होताच निरीक्षणास नियमाचे रूप येते.

'मोठ्या मात्रेतील' हे विशेषण मूळ शीर्षकात आहे, हे लेखकांच्या पदरी टाकलेच पाहिजे. परंतु वाक्य तोंडोतोंडी जाताना विशेषण आधी गळते आणि 'ॲस्पिरिनने साखर उतरते' एवढेच उरते. मराठी वाचकाच्या मनात या नामाने उभी राहते ती हृदयविकारावरील ७५ किंवा १०० मिलिग्रॅमची गोळी. सात ग्रॅम म्हणजे १०० मिलिग्रॅमच्या सत्तर गोळ्या! एवढ्या मात्रेने कानांत नाद होणे, जठरातून रक्तस्राव होणे हे धोके संभवतात. हा अर्थभेद म्हणून केवळ कोशकाराच्या चिंतेचा विषय नव्हे.

नामाची ही शिथिलता अन्यत्रही आढळते. १८७६ साली एब्स्टाइनने मधुमेहींना दिले ते सोडियम सॅलिसिलेट. शुद्ध ॲस्पिरिन १८९७ साली सिद्ध झाले. २०१३ च्या चाचणीतील सालसालेटही ॲस्पिरिन नव्हे. उलट २०१८ च्या 'असेंड' चाचणीत १५,४८० मधुमेहींपैकी निम्म्यांना खरेच ॲस्पिरिन दिले, रोज १०० मिलिग्रॅम; पण तेथील मुख्य प्रश्न साखरेचा नसून रक्तवाहिन्यांच्या विकारांचा होता. गंभीर विकारांचे प्रमाण ९.६ वरून ८.५ टक्के झाले, मोठ्या रक्तस्रावाचे ३.२ वरून ४.१ टक्क्यांवर गेले.

२००२ च्या निबंधाचा मराठी गोषवारा माझ्या मते असा व्हावा : 'रोज सुमारे सात ग्रॅम ॲस्पिरिन दोन आठवडे घेतलेल्या नऊ मधुमेहींची उपाशीपोटीची रक्तशर्करा सुमारे एक-चतुर्थांशाने उतरली.' वाक्य लांबते, हे खरे.