रित्या घरांत परतल्यावर

सांगली आणि मिरज यांच्या मधोमध वसलेल्या विश्रामबागेंत राहणाऱ्या पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांस आणखी एक घर असतें. तें कोणाचें कृष्णाकांठच्या खेड्यांत, कोणाचें सांगलीच्या जुन्या पेठेंत, तर कोणाचें त्याहूनहि दूर असतें. कोणी शिक्षणासाठीं, कोणी नोकरीसाठीं, तर कोणी २००५ व २०१९ सालचे महापूर पाहिल्यावर उंच जागेच्या शोधांत इकडे आले, आणि मागें राहिलेल्या घरास कुलूप लागलें. पुढें आईबाप जातात, किंवा जन्माचा सोबती जातो, आणि एके दिवशीं तें कुलूप काढण्याची वेळ येते. अशा प्रसंगीं आप्तेष्टांचें एक वाक्य ठरलेलें असतें : चार दिवस जुन्या घरीं राहून या, म्हणजे मन निवेल. कथाकादंबऱ्यांनीं हें वाक्य इतकें गिरविलें आहे कीं, त्याची एकदां परीक्षा करावी असें कोणास वाटत नाहीं. ती परीक्षा करण्याचें आम्हीं योजिलें आहे, आणि त्यासाठीं कादंबऱ्या बाजूस ठेवून आठवणींचे दोन ग्रंथ पुढें घेतले आहेत.

पहिला ग्रंथ रमाबाई रानडे यांचा 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी'. तो १९१० सालीं गोपाळ कृष्ण गोखले यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला. दुसरा यशवंतराव चव्हाण यांचा 'कृष्णाकाठ'. तो १९८४ सालचा आहे. एक लेखिका न्यायमूर्तींची पत्नी, दुसरे लेखक महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री. दोघांचा काळ निराळा, संस्कार निराळे, लिहिण्याची रीतहि निराळी. असें असूनहि हे दोन ग्रंथ शेजारीं शेजारीं ठेवण्यास आम्हांस सबळ कारण दिसतें. दोघांचाहि जन्म देवराष्ट्रे या एकाच गांवीं झाला. सागरेश्वराच्या डोंगराजवळचें हें गांव त्या काळीं सातारा जिल्ह्यांत मोडत असे. १९४९ सालीं दक्षिण सातारा हा जिल्हा निराळा निघाला, १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें, आणि आज देवराष्ट्रे सांगली जिल्ह्यांत आहे. दुसरें कारण याहून महत्त्वाचें. दोघांच्याहि पोटीं संतान नव्हतें. जोडीदार गेल्यावर दोघांचेंहि घर अक्षरशः रितें झालें. रितें घर माणसाचें काय करतें व माणूस रित्या घराचें काय करतो, हें पाहावयाचें तर याहून जवळचीं उदाहरणें आपल्या मुलखांत सांपडणार नाहींत.

रमाबाईंचा विवाह १८७३ सालीं झाला. त्या अकरा वर्षांच्या होत्या व महादेव गोविंद रानड्यांनीं तिशी ओलांडलेली होती. विधवाविवाहाच्या या पुरस्कर्त्यानें वडिलांच्या आग्रहापुढें मान तुकवून अल्पवयी मुलीशीं लग्न केलें, याबद्दल त्या वेळीं त्यांच्यावर टीका झाली. पतीनें पत्नीस शिकवावयास आरंभ केला तेव्हां घरांतील वडीलधाऱ्या बायकांनीं टोमण्यांनीं तिला नकोसें करून सोडलें. हा भाग रमाबाईंनीं जितक्या शांतपणें लिहिला आहे, तितक्या शांतपणें तो वाचतां येत नाहीं. १८९३ सालीं रानडे हायकोर्टाचे न्यायाधीश झाले आणि बिऱ्हाड पुण्याहून मुंबईस गेलें. तेथेंच १६ जानेवारी १९०१ रोजीं ते निवर्तले. त्यानंतर रमाबाई पुण्याच्या आपल्या जुन्या वाड्यांत परतल्या, आणि सुमारें एक वर्ष त्यांनीं जवळजवळ एकांतांत घालविलें.

'मन निवेल' या वाक्याची खरी कसोटी येथें लागते. ज्या घरांत संसार मांडला त्याच घरीं त्या परत आल्या होत्या. पण त्या काळच्या उच्चवर्णीय विधवेस घर ही विश्रांतीची जागा होती असें म्हणणें म्हणजे रूढीस सौम्य नांव देणें होय. नवरा गेलेल्या बाईनें वर्षभर उंबरठ्याबाहेर पडूं नये, अशीच समाजाची अपेक्षा असे. ज्या भिंती पुरुषाच्या दुःखास आडोसा होतात, त्याच स्त्रीच्या दुःखास कोंडवाडा होतात. जुन्या घरांत औषध असतें असें सरसकट सांगणाऱ्या लेखकांनीं हा भेद विचारांत घेतलेला आम्हांस क्वचितच आढळतो.

मग रमाबाई त्या कोंडवाड्यांतून बाहेर कशा आल्या ? याचें उत्तर त्यांच्या ग्रंथांत शोधूं जाणारा वाचक निराश होतो. कारण ग्रंथ रानड्यांच्या शेवटच्या आजारापाशीं व मृत्यूपाशीं संपतो. पुढच्या वर्षांविषयीं त्यांत प्रकरण नाहीं. कांहीं टीकाकार हें रमाबाईंच्या आत्मविलोपाचें लक्षण मानतात. पतीच्या चरित्रांत त्यांनीं स्वतःस बुडवून घेतलें, असें त्यांचें म्हणणें. त्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. पतीचा शब्द कोठें चुकला असेल अशी शंका लेखिकेच्या मनास शिवत नाहीं, आणि आजच्या वाचकास तें खटकतें. परंतु ग्रंथाच्या नांवाकडे पाहावें. त्या 'माझ्या' म्हणत नाहींत, 'त्यांच्या'हि म्हणत नाहींत, 'आमच्या' म्हणतात. नऊ वर्षें विधवापण सोसलेल्या स्त्रीनें हें बहुवचन मोडूं दिलें नाहीं. स्वतःस पुसून टाकणारी बाई हा शब्द निवडीत नाहीं.

श्रद्धेविषयींहि तसेंच म्हणतां येईल. रानडे प्रार्थनासमाजाचे, तुकोबांच्या अभंगांत रंगून जाणें हा त्यांचा नित्यक्रम, आणि त्याचें वर्णन या ग्रंथांतील उत्तम पानांपैकीं आहे. त्यांत चमत्कार नाहीं, साक्षात्काराचा दावा नाहीं. अंधारांत एक माणूस अभंग म्हणत आहे आणि जवळची स्त्री तो ऐकत आहे, एवढेंच. पुढें म्हणणारा गेला. ऐकणारीनें त्या स्वरावर विश्वास ठेवून काय केलें हें कळण्यास ग्रंथ मिटून इतिहास पाहावा लागतो.

तो इतिहास सर्वश्रुत आहे. १९०८ सालीं मुंबईस सेवासदन निघालें. १९०९ सालीं पुण्यास सेवासदन सुरू झालें तें रमाबाईंच्या वाड्यांतच. गोपाळ कृष्ण देवधरांसारखा कार्यकर्ता त्यांस मिळाला. विधवा व परित्यक्ता तेथें लिहावाचावयास, शिवणकाम करावयास व पुढें परिचारिकेचें काम शिकावयास येऊं लागल्या. ज्या कुटुंबांत एका मुलीच्या हातीं पाटी पाहून बायका नाकें मुरडीत, त्याच कुटुंबाच्या वाड्यांत आतां पाट्या घेतलेल्या बायकाच बायका दिसूं लागल्या. आठवणींचा ग्रंथ वाचकांच्या हातीं पडला तो यानंतर, १९१० सालीं. हा क्रम आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. घर आधीं भरलें, आठवणी मागाहून प्रसिद्ध झाल्या. त्या वाड्यानें रमाबाईंस बरें केलें असें म्हणण्यापेक्षां, रमाबाईंनीं त्या वाड्यास दुसरें काम लावलें असें म्हणणें अधिक खरें होईल.

आतां 'कृष्णाकाठ'. यशवंतरावांचा विवाह २ जून १९४२ रोजीं फलटणच्या मोरे घराण्यांतील वेणूताईंशीं झाला. दोनच महिन्यांनीं स्वातंत्र्याचा शेवटचा लढा पेटला आणि यशवंतराव भूमिगत झाले. १९४३ च्या जानेवारींत, लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीस, या नव्या सुनेस पोलिसांनीं अटक केली. पुढें ती आजारी पडली. तिला पाहण्यासाठीं यशवंतराव फलटणास गेले आणि तेथेंच पकडले गेले. वेणूताईंची प्रकृति त्यानंतर कायमचीच नाजूक राहिली. १ जून १९८३ रोजीं, विवाहास एक्केचाळीस वर्षें पुरीं होण्यास एक दिवस उणा असतां, त्या गेल्या. 'कृष्णाकाठ' पुढल्या वर्षीं प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षीं २५ नोव्हेंबरास दिल्लींत यशवंतरावांनींहि देह ठेवला. अंत्यविधीसाठीं त्यांस कऱ्हाडास, कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर आणण्यांत आलें.

या तारखा डोळ्यांपुढें ठेवून ग्रंथ वाचला म्हणजे तो निराळाच दिसूं लागतो. ज्या माणसानें दिल्लींत वीस वर्षांहून अधिक काळ काढला, तो आपली कथा १९४६ सालीं, कृष्णाकांठ सोडून मुंबईस निघण्याच्या क्षणीं थांबवितो. संरक्षणमंत्रिपद, अर्थमंत्रिपद, परराष्ट्रमंत्रिपद हें सर्व उंबरठ्याबाहेर राहतें. पुढचे खंड लिहिण्याचा त्यांचा मानस होता, तो सिद्धीस गेला नाहीं. म्हणून जो एक खंड हातीं आहे तो सगळाच जुन्या घरचा आहे : देवराष्ट्र्याचें आजोळ, सोनहिऱ्याचा ओढा, कऱ्हाडची शाळा, आईच्या ओव्या.

त्या आजोळीं श्रद्धेची एक गोष्ट आहे. यशवंतरावांच्या जन्माच्या वेळीं त्यांची आई अडली होती. आजीनें सागरोबास साकडें घातलें कीं, यश दे, म्हणजे त्याची आठवण म्हणून मुलाचें नांव यशवंत ठेवीन. आई वांचली व नवस फेडला गेला. पुरोगामी विचारांत वाढलेला हा लेखक या गोष्टीची टिंगल करीत नाहीं आणि तिचें समर्थनहि करीत नाहीं. आपलें नांव आपण मिळविलेलें नसून एका भ्यालेल्या म्हातारीच्या प्रार्थनेवर तें उभें आहे, एवढेंच त्यांतून वाचकास उमगतें. श्रद्धेचा याहून प्रामाणिक उल्लेख आधुनिक मराठी आत्मचरित्रांत आम्हांस थोडाच आढळला आहे.

याच घरीं आणखी एक परतणें घडलेलें आहे. यशवंतरावांचे वडील बळवंतराव कोर्टांत बेलिफ होते. ते प्लेगांत गेले. मुलें लहान, पदरीं कांहीं नाहीं, अशा स्थितींत विठाबाईंस देवराष्ट्र्याच्या माहेराचा आधार घ्यावा लागला. निरक्षर विधवा परतली ती विसांव्यासाठीं नव्हे. मुलें वाढवावयाचीं होतीं. तीं शिकावींत म्हणून पुढें त्यांनीं कऱ्हाड जवळ केलें. रमाबाई आणि विठाबाई यांच्यांत जात, संपत्ति, विद्या या सर्वांचें अंतर आहे; पण रित्या घरांत दोघींनींहि एकच गोष्ट केली. त्यांनीं आपल्या दुःखापेक्षां दुसऱ्याच्या उद्यांस जागा करून दिली.

'कृष्णाकाठ' निर्दोष आहे असें आमचें म्हणणें नाहीं. मधल्या भागांत राजकीय कार्यकर्त्यांच्या नामावळी व सभांचे वृत्तांत पुष्कळ आहेत. त्या पानांवर घर हरवतें. वेणूताईंच्या अटकेचा व आजाराचा प्रसंग लेखकानें इतक्या संयमानें उरकला आहे कीं, तिच्या मनांत काय चाललें होतें हें जाणण्याची इच्छा अपुरीच राहते. रमाबाईंनीं स्वतःविषयीं मौन पाळलें, यशवंतरावांनीं पत्नीविषयीं पाळलें. पहिलें मौन शालीनतेचें. दुसऱ्यांत पुरुषाचा संकोच अधिक, आणि त्यानें ग्रंथाची थोडी हानि केली आहे. घर रितें कोणावांचून झालें हें कळल्याशिवाय रितेपण पुरतें कळत नाहीं.

तथापि कृतीनें त्यांनीं ती उणीव भरून काढली. कऱ्हाड येथें वेणूताईंच्या नांवानें स्मारक उभें राहिलें. यशवंतरावांचा जन्मभराचा ग्रंथसंग्रह तेथें वाचकांसाठीं आहे. देवराष्ट्र्याचें जन्मघरहि स्मारक म्हणून जतन झालें आहे. पुण्याचा वाडा शाळा झाला, कऱ्हाडचीं पुस्तकें गांवाचीं झालीं. पाऊणशें वर्षांचें अंतर असूनहि एकाच खेड्यांत जन्मलेल्या दोन माणसांनीं शोकास दिलेलें उत्तर असें जुळावें, हें आम्हांस मननीय वाटतें.

आमच्या संतांनीं पंढरीस माहेर म्हटलें आहे. माहेर म्हणजे जेथें कोणीतरी आपली वाट पाहत आहे तें घर. विटेवर उभा असलेला देव हा वाट पाहणारा देव आहे. ज्या घरांत वाट पाहणारें माणूस उरलें नाहीं, तें माहेर राहिलें नाहीं, मग त्याच्या भिंती, कोनाडे, तुळशीवृंदावन कितीहि जसेंच्या तसें असो. म्हणूनच जुन्या घरीं जाऊन आलेलीं कित्येक माणसें अधिकच खचून परततात. आणि आप्तांच्या त्या ठरलेल्या वाक्यानें तीं स्वतःसच दोष देऊं लागतात. दोष त्यांचा नसतो. चार दिवसांच्या मुक्कामाकडून जें मागितलें जातें तें देण्याची शक्तिच रित्या घरांत नसते. तेथें आपली वाट पाहणारें कोणी नसेल, तर आपणच कोणाची तरी वाट पाहावयास बसणें, हा एक मार्ग उरतो. रमाबाई शिकावयास येणाऱ्या बायकांची वाट पाहत बसल्या. विठाबाईंनीं मुलांच्या शाळेकडे डोळे लावले. यालाच आम्ही श्रद्धा म्हणतों, आणि दुःख निवावयाचें असेल तर तें याच वाटेनें निवतें असें या ग्रंथांवरून आमचें मत झालें आहे.

कुलूप काढण्याची वेळ ज्यांच्यावर आली आहे अशा आमच्या वाचकांनीं हे दोन ग्रंथ अवश्य वाचावेत. मात्र त्यांत सांत्वनाचें वचन शोधूं नये. तें तेथें नाहीं. दोन्ही ग्रंथ जेथें संपतात तेथून पुढें त्या घरांत काय झालें, हें मनांत ठेवून ते पुन्हां पहिल्या पानापासून वाचावेत.