‘सिराजिय्या’चे वांटे आणि वऱ्हाडचे कागद

हनफी मुसलमानांच्या वारसाहक्काचा निर्णय करतांना इंग्रजी न्यायसभांनीं ज्या ग्रंथाचा आधार घेतला, तो सिराजुद्दीन सजावंदी याचा ‘सिराजिय्या’ सर विल्यम जोन्स यानें इ. स. १७९२ त भाषांतर करून छापिला. बुलढाणा जिल्ह्यांत मेहकर, मलकापूर, देऊळगांव राजा अशा कसब्यांतून काजी, खतीब, मुजावर यांच्या घरचे कागद शोधणारा संग्राहकही स्त्रीचें नांव दिसतांच याच ग्रंथाचें माप लावूं पाहतो. तें माप कोठवर पुरतें, हें तपासणें अवश्य आहे.

ग्रंथाचा गुण त्याच्या गणितांत आहे. विधवा, एक पुत्र व एक कन्या मागें राहिल्यास २४ बिघ्यांपैकीं विधवेस ३, पुत्रास १४ व कन्येस ७ बिघे येतात. कन्येचा वांटा पुत्राच्या निम्मा खरा. परंतु तो तिचा स्वतःचा, भावाच्या मर्जीवर न राहणारा. इतका निःसंदिग्ध हक्क त्या काळच्या धर्मशास्त्रांत विरळाच आढळेल.

परंतु वांट्यांचें कोष्टक पाहणारे वाचक ग्रंथाचा आरंभ विसरतात. प्रथम प्रेतसंस्काराचा खर्च, मग कर्ज, मग एकतृतीयांशापर्यंत मृत्युपत्र, आणि शेवटीं वांटणी, असा तेथें क्रम आहे. मेहेर हें पतीचें कर्जच होय. तें न फिटल्यास शांततेनें ताब्यांत आलेली मिळकत विधवेस अडकवून ठेवतां येते. म्हणून साऱ्या शेताचा ताबा विधवेकडे दिसला, तर तो अष्टमांशाचा भंग नव्हे. तो कर्जाचा तगादा असूं शकेल.

दुसरी गोष्ट इनामांची. मदद-ई-मआश ही मालकी नसून बादशहानें दिलेली उसनवार मानली जाई. औरंगजेबाच्या इ. स. १६९० च्या फर्मानानें ती वंशपरंपरा केली. पण तिचा वारसा शरियतीनें नव्हे, तर शाही हुकुमानें ठरविला. विधवेनें ती हयातभर उपभोगावी, पतीच्या घरीं नांदणाऱ्या कन्येस वांटा नसावा, असे त्यांतले नियम होते. धर्मनिष्ठ म्हणून ख्यात असलेल्या बादशहाच्याच हुकुमानें येथें कन्येचा वांटा गेला. तेव्हां अशा इनामाच्या कागदांत कन्येचें नांव नसणें हा शास्त्राचा दोष म्हणतां येत नाहीं, आणि विधवेचें नांव असणें हा शास्त्राचा विजयही नव्हे.

तिसरा प्रकार सोडपत्रांचा. बहिणीनें ‘राजीखुशीनें’ हक्क सोडला, माहेरची वाट उघडी राहावी म्हणून अंगठा उठविला, ही रीत हिंदु व मुसलमान दोन्ही घरीं सारखीच परिचयाची. येथें मात्र ‘सिराजिय्या’ उपयोगी पडतो. मृत्यूनंतर कांहीं मोबदला घेऊन वारसानें बाजूस होणें यास त्यांत ‘तखारुज’ म्हटलें आहे. उलट बाप जिवंत असतां कन्येपाशीं सोडण्याजोगा हक्कच नसतो. म्हणून सोडपत्राची तिथि बापाच्या मृत्यूच्या तिथीशीं ताडावी, आणि मोबदला काय दिला हें पाहावें. मोबदल्याची ओळच नसेल, तर तो कागद तखारुजाचा नव्हे, केवळ भिडेचा.

इ. स. १९३७ च्या शरियत कायद्यानें रूढीवर शास्त्राची सरशी केली. पण त्याच कलमांत शेतजमीन वगळली. काळ्या मातीच्या व कापसाच्या या जिल्ह्यांत मिळकत म्हणजे बहुधा शेतच. ज्या संपत्तीस खरें मोल, तिच्याच बाबतींत या कायद्याचें छत्र तोकडें पडलें.

तात्पर्य, ‘सिराजिय्या’ हा उत्तम गणितग्रंथ आहे, इतिहासग्रंथ नव्हे. संग्राहकांनीं स्त्रीचें नांव असलेल्या प्रत्येक कागदावर ‘वारसा’ असा शेरा मारूं नये. वांटा, मेहेर, हयातीचें इनाम कीं सोडपत्र, हें प्रथम ठरवावें. आपल्या यादींतला एक चुकीचा शब्द पुढें पुरावा होतो, आणि ज्या स्त्रीस हयातींत वांटा मिळाला नाहीं, तिला तो मिळाल्याची खोटी नोंद आपल्याच हातून होते.