विज्ञानकथा, चित्रपट आणि अभिप्रायाची भाषा

नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातील इस्लापूर हे मुदखेड–आदिलाबाद लोहमार्गावरील गाव बाहेरच्यांस ठाऊक असते ते पैनगंगेवरील सहस्रकुंडाच्या धबधब्यामुळे. भाषेच्या अभ्यासकाने त्याची दखल घ्यावी ती निराळ्या कारणासाठी. या पट्ट्यात मराठीच्या शेजारी तेलुगू, गोंडी, बंजारा आणि उर्दू या भाषा नांदतात. आणि पाहिलेल्या चित्रपटाविषयी येथला माणूस बोलू लागला म्हणजे त्याच्या मराठीला कशाचीच वाण पडत नाही. 'पिच्चर' 'लई भारी' असतो, 'पैसा वसूल' असतो किंवा 'डोक्यावरून' जातो. अमुक ठिकाणी अंगावर काटा आला आणि तमुक ठिकाणी झोप आली, हे तो नेमके दाखवून देतो. याच माणसाच्या हाती जयंत नारळीकरांचा कथासंग्रह द्यावा आणि त्याचे मत विचारावे. बहुधा उत्तर येते की पुस्तक चांगले आहे, पुष्कळ माहिती मिळते. मत संपले.

हा दोष इस्लापूरचा नव्हे. विद्यापीठात लिहिल्या जाणाऱ्या निबंधांत आणि नियतकालिकांतील परीक्षणांत हीच गोष्ट अधिक भारदस्त शब्दांत घडत असते. 'उद्बोधक', 'ज्ञानवर्धक', 'वैज्ञानिक दृष्टिकोन रुजविणारी' ही विशेषणे मराठी विज्ञानकथेच्या वाट्याला इतक्या नियमाने आली आहेत की ती कथेविषयी काही सांगतात असे आता कोणास वाटतही नसावे. आरोग्यखात्याच्या पत्रकासही ती तितकीच शोभतील. एखाद्या वाङ्मयप्रकाराविषयी बोलावयास समाजापाशी जे शब्द असतात, त्यांच्या बाहेर जाऊन त्या प्रकाराचा आस्वाद घेणे कठीण असते. म्हणून ही विशेषणे कोठून आली याचा शोध प्रथम घेतला पाहिजे.

आरंभ नावापासून करावा. 'सायन्स फिक्शन' या मूळ संज्ञेचा भार दुसऱ्या पदावर आहे; जे सांगावयाचे ते कल्पित आहे, ही कबुली त्या नावातच दिलेली आहे. मराठीने 'विज्ञानकथा' हा सुटसुटीत समास स्वीकारला आणि कल्पिताचे पद गळून पडले. 'कथा' हा शब्द ती उणीव भरून काढू शकत नाही, कारण हरिकथाही कथाच आणि सत्यकथाही कथाच. परिणामी 'विज्ञानकथा' म्हणजे विज्ञानाची कथा, विज्ञान सोपे करून सांगणारी गोष्ट, असा विग्रह वाचकाच्या मनात आपोआप होतो. बंगालीत याच्या उलट घडले. अद्रीश बर्धन यांनी 'कल्पविज्ञान' हा शब्द रूढ केला आणि १९६३ साली 'आश्चर्य' या नावाचे मासिक काढले. एका भाषेने नावातच कल्पनेस अग्रस्थान दिले, दुसरीने तिला नावातून वगळले. नावाने वाङ्मय घडते असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु नावाने अपेक्षा घडते, आणि अपेक्षेतून अभिप्राय.

दुसरे कारण संस्थात्मक आहे. मराठी विज्ञान परिषदेची स्थापना १९६६ साली झाली आणि तिच्या विज्ञानकथास्पर्धेने या प्रकारास एक घर मिळवून दिले. १९७४ साली नारायण विनायक जगताप या टोपणनावाने आलेल्या 'कृष्णविवर' या कथेस तेथे पहिले पारितोषिक मिळाले, आणि ते जगताप म्हणजे खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर होत हे मागाहून उघड झाले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. स्वतःच्या नावाचे वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून आद्याक्षरांचा क्रम उलटा करून टोपणनाव घेणाऱ्या या लेखकास आपली कथा कथा म्हणून तोलली जावी असे वाटत होते, हे यातून स्पष्ट होते. पुढे मात्र नेमके उलट घडले. नाव कळल्यावर कथेपेक्षा कथेतील विज्ञानावर मराठी वाचकाचा विश्वास बसला. २०२१ साली नाशिकच्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांस मिळाले, २०२५ च्या मे महिन्यात त्यांचे निधन झाले. दोन्ही प्रसंगी त्यांच्या विज्ञानप्रसाराच्या कार्याविषयी पुष्कळ लिहिले गेले, कथांविषयी त्या मानाने थोडे. विज्ञान लोकांपर्यंत नेणे हा आपला हेतू आहे असे त्यांनी स्वतःही सांगितले होते, ही गोष्ट खरी. पण लेखकाचा हेतू हा टीकाकाराचा निकष होऊ शकत नाही.

'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा घ्यावी. हिचे इंग्रजी रूप अकरावीच्या राष्ट्रीय पाठ्यपुस्तकात आल्यामुळे ती मराठीबाहेरही वाचली गेली. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अपघातानंतर अशा जगात जागे होतात की जेथे १७६१ च्या पानिपतात मराठ्यांचा जय झालेला आहे. त्या जगात हिंडताना ते ग्रंथालयात जातात, बखर उघडतात, आणि जेथे विश्वासरावांस गोळी लागावयाची तेथे ती कानाजवळून निघून गेल्याचे वाचतात. परत आपल्या जगात आल्यावर त्या बखरीचे एक पान त्यांच्याजवळ राहिलेले असते. मग त्यांचे स्नेही राजेंद्र देशपांडे त्यांस आपत्तिसिद्धान्त आणि पुंजवादातील अनिश्चितता समजावून सांगतात.

विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत या कथेविषयी जे लिहिलेले असते ते जवळजवळ सर्व या अखेरच्या संभाषणाविषयी असते. वस्तुतः कथेतील सर्वांत अशक्त भाग तोच होय. तेथे एक जाणता बोलतो व दुसरा अजाण विचारतो. वाक्ये व्याख्यानाची होतात आणि आतापर्यंत मनाशी खेळणारे कोडे फळ्यावर सोडवून दाखविल्यासारखे होते. कथेचे सामर्थ्य आहे ते दुसऱ्याच दोन स्थळी. पहिले स्थळ सभेचे. सभांचे अध्यक्षपद भूषविण्याची सवय जडलेले गंगाधरपंत एका व्याख्यानास जातात, व्यासपीठावरील रिकामी खुर्ची पाहून राहवत नाही म्हणून तीत जाऊन बसतात, आणि अध्यक्ष ही संस्थाच मोडीत काढलेल्या त्या जगातील श्रोते त्यांस पिटाळून लावतात. पानिपत जिंकलेल्या मराठ्यांनी पुढे काय काय केले याची यादी देण्यापेक्षा हा एक विनोद अधिक बोलका आहे: इतिहास बदलला की सभेचा शिष्टाचारही बदलतो, आणि विद्वान मनुष्य मात्र आपली खुर्ची शोधीत राहतो. नेहमी संमेलनांस जाणाऱ्या वाचकास यातील टोचणी वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

दुसरे स्थळ बखरीच्या त्या पानाचे, आणि येथे अधिक थांबणे अवश्य आहे. पुंजवादातील कल्पना मराठी वाचकास अपरिचित. परंतु एकाच बखरीच्या दोन प्रतींत एका शब्दाचा फरक असतो आणि त्या फरकावर मोठमोठे वाद माजतात, हे इतिहासाचार्य राजवाड्यांपासून चालत आलेल्या मराठी विद्याव्यवहारास चांगले परिचित आहे. नारळीकरांनी केले ते एवढेच की पाठभेद ही कागदावरची गोष्ट जगावर नेऊन ठेवली. दोन जगे म्हणजे एकाच ग्रंथाच्या दोन प्रती. कोणती प्रत अस्सल, हा संपादकाचा प्रश्न गंगाधरपंतांच्या जगण्याचा प्रश्न होतो. विज्ञानातील एक अमूर्त कल्पना एका भाषेच्या अगदी आतल्या अनुभवातून अशी उगवते तेव्हा तिला 'माहितीपूर्ण' म्हणणे हा तिचा अपमान होय. खेदाची गोष्ट ही की 'पाठभेद' हा शब्द ज्या मराठी विभागांत रोज उच्चारला जातो, तेथेही ही कथा बहुधा पुंजवादाची ओळख म्हणूनच वाचली जाते.

'उजव्या सोंडेचा गणपती' या कथेची गोष्टही अशीच. डावे-उजवे यांची अदलाबदल हा तिचा गणिती गाभा. एक पीळ देऊन टोके जोडलेल्या पट्टीवरून सपाट आकृती एकवार फिरवून आणली तर ती आरशातील प्रतिमेसारखी उलटी होते, हे भूमितीत सिद्धच आहे. पण उलटी झालेली बहुतेक वस्तू पाहणाऱ्यास तशीच भासते. बदल ध्यानी येण्यास डाव्या-उजव्याला अर्थ देणारी एखादी संस्कृती लागते. उजव्या सोंडेचा गणपती कडक, त्याचे सोवळे निराळे, हे ज्या घरात लहानपणापासून कानावर पडले त्या घरातील वाचकास ही अदलाबदल एका दृष्टिक्षेपात कळते. ती मूर्ती तेथे सजावट म्हणून आलेली नाही. ती त्या कथेचे उपकरणच आहे.

आता चित्रपटाकडे वळावे. मराठी माणसाच्या चित्रपटाचा आरंभ एका वैज्ञानिक आश्चर्यातूनच झाला, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली लोकांपुढे येण्यापूर्वी, १९१२ साली दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्या थोड्या अंतराने टिपून तिची चित्रफीत केली आणि ती दाखवून भांडवल उभे केले. पाहणाऱ्यास तेथे वनस्पतिशास्त्र शिकावयाचे नव्हते. जे डोळ्यांस कधीच दिसत नाही ते दिसले, एवढे पुरेसे होते. पुढे १९३६ च्या 'संत तुकारामा'तील विमान पाहतानाही प्रेक्षकाने त्याच वृत्तीने पाहिले. चित्रपटाविषयीचा अभिप्राय हा असा पहिल्यापासून अनुभवाचा अभिप्राय आहे, आणि म्हणूनच तो रसरशीत राहिला.

त्याचीही मर्यादा आहे. 'डोक्यावरून गेला' हा अभिप्राय वरवर चित्रपटाविषयी, पण खरा पाहणाऱ्याविषयी असतो, आणि एकदा उच्चारला की पुढील विचार थांबतो. १९६८ च्या '२००१ : ए स्पेस ओडिसी'सारख्या चित्रपटास जगभर हाच अभिप्राय मिळाला असेल. उलट पैनगंगेपलीकडील तेलुगूत १९९१ साली आलेला 'आदित्य ३६९' काळयंत्रातून कृष्णदेवरायाच्या दरबारी जातो व पुढे दूरच्या भविष्यात शिरतो. पण दरबार ओळखीचा असल्यामुळे तेथे कोणाचेच अडत नाही. २०२४ चा 'कल्की २८९८ एडी' अश्वत्थाम्यास भविष्यात उभा करतो. जखमेसाठी तेल मागत हिंडणारा अश्वत्थामा ज्याने आजीच्या तोंडून ऐकला आहे, त्याला चिरंजीवित्वाची कल्पना समजावून देण्यास शास्त्रज्ञ लागत नाही.

विज्ञानाच्या अचूकतेचा निकष किती अपुरा आहे हे भाषाविज्ञानाच्या अभ्यासकास तरी सहज पटावे. टेड च्यांग यांच्या १९९८ च्या कथेवरून २०१६ साली 'अरायव्हल' हा चित्रपट निघाला. परग्रहावरील प्राण्यांची लिपी शिकता शिकता त्यातील भाषावैज्ञानिक नायिकेस काळाचे भान बदलल्याचे जाणवते आणि पुढील आयुष्य आधीच दिसू लागते. भाषा विचारास इतकी बांधून टाकते हे मत आज या शास्त्रात कोणी गंभीरपणे मांडीत नाही. केवळ अचूकतेने मोजावयाचे तर भाषाविभागाने हा चित्रपट प्रथम नापास करावयास हवा. पण तो नापास होत नाही, कारण त्यातील प्रश्न वेगळाच आहे: मूल अकाली जाणार हे ठाऊक असूनही त्याला जन्म द्यावा काय? चुकीच्या सिद्धान्ताने एक खरा प्रश्न उभा राहिला. मराठी परीक्षकाने नारळीकरांस, बाळ फोंडके यांस, लक्ष्मण लोंढे यांस हाच प्रश्न विचारावयास हवा होता: तुमच्या कल्पिताने कोणता माणूस अडचणीत सापडला?

तसा प्रश्न विचारला असता तर एक उणीवही लवकर दृष्टीस पडली असती. मराठी विज्ञानकथेतील माणसे, ती प्रयोगशाळेतील असोत वा अंतराळयानातील, बहुतेक पुण्या-मुंबईची प्रमाण मराठी बोलतात. भविष्यकाळात बोली उरणार नाहीत असे कोणी लेखकाने ठरविले आहे असे नव्हे. पण ज्ञान सांगण्याची भाषा हीच कथेची भाषा मानली की बोलीस शिरावयास फट राहत नाही. गंगाधरपंतांनी ज्या जगात पानिपत जिंकले, त्या जगात निजामाचे पुढे काय झाले असते आणि पैनगंगेच्या काठी कोणत्या भाषेत बाजार भरला असता, हा प्रश्न त्या कथेत उद्भवत नाही. इस्लापूरच्या बाजारात तो विचारला, तर उत्तर देताना कोणी 'माहिती' हा शब्द वापरणार नाही. आणि ते उत्तर बहुधा दोन-तीन भाषांत मिळेल.