प्रकाशीय व औष्णिक पद्धतींचा संयोग : प्रायोगिक प्रतिबल विश्लेषणाची एक चिकित्सा

प्रस्तावना

यंत्रभागावर भार आला असता त्यात निर्माण होणारे प्रतिबल डोळ्यांना दिसत नाही. दिसतो तो तडा, आणि तोही उशिरा. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात हा प्रश्न पाठ्यपुस्तकापुरता मर्यादित नाही. प्रवरानगर येथून सहकारी साखर कारखानदारीचा प्रारंभ झाला, आणि नगर येथे संरक्षण संशोधन व विकास संघटनेची वाहन संशोधन प्रयोगशाळा आहे. ऐन गाळप हंगामात मिलच्या रोलरचा शाफ्ट तुटला, तर तोडलेला ऊस वाळतो, उतारा घटतो आणि त्याची झळ शेतकऱ्यापर्यंत पोहोचते. म्हणून प्रतिबल मोजण्याच्या पद्धतीवर किती विश्वास ठेवावा, हे तपासणे अगत्याचे ठरते. प्रस्तुत लेखात प्रकाशीय व औष्णिक पद्धतींच्या संयोगाचा या दृष्टीने विचार केला आहे.

दोन पद्धती

ताणलेली काच प्रकाशाचे दुहेरी अपवर्तन करते, हे डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८१६ च्या सुमारास दाखविले. प्रकाश-स्थितिस्थापकतेची पद्धत याच गुणधर्मावर उभी आहे. धातूच्या भागावर पारदर्शक पॉलिमरचा लेप चिकटवून पोलॅरिस्कोपमधून पाहिल्यास रंगीत पट्टे दिसतात. त्यांवरून दोन प्रमुख प्रतिबलांतील फरक कळतो. पट्ट्यांचे वाचन संगणकाद्वारे करण्याच्या तंत्रात भारतीय संशोधकांचा वाटा मोठा असून के. रमेश यांचा २००० साली प्रकाशित झालेला ग्रंथ या विषयात आधारभूत मानला जातो.

दुसऱ्या पद्धतीचे सैद्धांतिक मूळ विल्यम टॉमसन (लॉर्ड केल्विन) यांच्या १८५० च्या दशकातील विवेचनात आहे. घन पदार्थ ताणला असता किंचित थंड होतो व दाबला असता किंचित तापतो. हा बदल प्रमुख प्रतिबलांच्या बेरजेच्या प्रमाणात असतो. पोलादात १०० मेगापास्कल प्रतिबलाला तो जेमतेम ०.१ अंश सेल्सिअस भरतो. त्यामुळे संवेदनशील अवरक्त उपकरणे उपलब्ध होईपर्यंत ही पद्धत प्रत्यक्ष व्यवहारात येऊ शकली नाही.

संयोगाचे सामर्थ्य

एका पद्धतीतून फरक व दुसरीतून बेरीज मिळाली, की दोन्ही प्रतिबले स्वतंत्रपणे काढता येतात. बारोन व पॅटरसन यांनी १९९६ साली हा संयोग संपूर्ण पृष्ठभागासाठी मांडला. त्याची गरज दोन उदाहरणांवरून स्पष्ट होते. शुद्ध पीळ सोसणाऱ्या शाफ्टच्या पृष्ठभागावर ताण व दाब समान असल्याने बेरीज शून्य येते. तेथे औष्णिक पद्धत आंधळी ठरते. गोलाकार दाबपात्रात दोन्ही प्रतिबले समान असल्याने फरक शून्य येतो. तेथे प्रकाशीय पद्धत निरुपयोगी होते. एकीची उणीव दुसरी भरून काढते, हे निर्विवाद आहे.

मर्यादा

तथापि बेरीज-वजाबाकीचे हे गणित एक गोष्ट गृहीत धरते : दोन्ही मोजमापे एकाच ठिकाणची व एकाच भारस्थितीतील आहेत. नेमके हेच गृहीतक तपासून पाहावे लागते.

पहिला आक्षेप लेपासंबंधी आहे. सेकंदाला १० वेळा भार बदलत असेल, तर एका आवर्तनात पॉलिमरमध्ये उष्णता सुमारे ०.१ मिलिमीटरच सरकते. लेप मात्र एक ते तीन मिलिमीटर जाडीचा असतो आणि तो अवरक्त किरणांना अपारदर्शक असतो. म्हणजेच कॅमेऱ्याला धातूचे तापमान न दिसता लेपाच्या वरच्या त्वचेचे दिसते. प्रकाश मात्र लेपाच्या संपूर्ण जाडीतून जाऊन परततो. सपाट पट्टी सरळ ताणली असता याने फारसे बिघडत नाही. परंतु वाकणाऱ्या पातळ पत्र्यावर त्वचेतील विकृती व जाडीतील सरासरी विकृती यांत तफावत पडते. शिवाय अशा पत्र्याला लेपच बळकटी देतो. वाहनाच्या बॉडीच्या पत्र्यावर ही चूक दुर्लक्षिण्याजोगी नाही.

दुसरा आक्षेप भाराच्या गतीचा आहे. औष्णिक पद्धतीत उष्णतेला पसरण्यास वाव मिळू नये, म्हणून भार झपाट्याने बदलावा लागतो. मिलचा रोलर मिनिटाला चार-पाच फेरेच घेतो. त्याच्या शाफ्टमधील वाकण्याचे एक आवर्तन १२ ते १५ सेकंदांचे असते, आणि तेवढ्या वेळात पोलादात उष्णता सेंटिमीटरभर पसरते. चालत्या मिलवर, रस व वाफेच्या सान्निध्यात, ०.१ अंशाचा संकेत विश्वासाने वाचता येणार नाही. चाचणी-बाकावर आवर्ती भार सोसणाऱ्या वाहनभागांसाठी मात्र ही अट सहज पाळता येते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. औष्णिक पद्धतीला केवळ बदलणारे प्रतिबल समजते. लेपाला तो चिकटविल्यानंतरचेच प्रतिबल समजते. वेल्डिंगमुळे धातूत अगोदरच कोंडलेले प्रतिबल दोघींच्याही दृष्टीआड राहते. तुटलेल्या भागाची वेल्डिंगने डागडुजी करून तो पुन्हा जोडला, तर रंगीत चित्र कितीही निर्दोष दिसले तरी तडा त्या कोंडलेल्या प्रतिबलाच्या आधाराने वाढू शकतो.

निष्कर्ष

हा संयोग उपयुक्त आहे, पण तो सर्वत्र लागू पडणारा नाही. आवर्ती भार, पुरेशी जाडी व वेल्डिंगविरहित भाग या अटी पूर्ण होतात तेथे त्याचा स्वीकार करावा; अन्यत्र स्ट्रेन गेज व अवशिष्ट प्रतिबलाची स्वतंत्र तपासणी यांना पर्याय नाही. लोणी, संगमनेर, कोपरगाव येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांसारख्या ठिकाणी या विषयाचा आरंभ व्यासावर दाबलेल्या चकतीपासून करता येईल. तिच्या केंद्रस्थानी ताण एक भाग, तर दाब तीन भाग असतो. म्हणून फरक चार भाग व बेरीज दाबाच्या बाजूने दोन भाग यावयास हवी. हे उत्तर ज्या मांडणीतून मिळत नाही, तिच्यातून मिळालेले शाफ्टचे किंवा पत्र्याचे रंगीत चित्र पुरावा म्हणून पुढे करू नये.