आवाराबाहेरचा अभ्यासक

'आभासी खाजगी जाळे' हे 'व्हीपीएन' या संज्ञेचे शब्दशः भाषांतर असले, तरी मूळ वस्तूचे स्वरूप त्यातून मुळीच स्पष्ट होत नाही. येथे जो आभास निर्माण केला जातो तो जाळ्याचा नसून स्थानाचा होय. पंढरपुरात घरी बसलेल्या विद्यार्थ्याच्या संगणकातून निघालेला मजकूर सांकेतिक रूप धारण करून सार्वजनिक इंटरनेटवरूनच विद्यापीठापर्यंत जातो, तेथे तो उलगडतो आणि विद्यापीठाच्या पत्त्यानिशी पुढे रवाना होतो. दूरच्या प्रकाशकाच्या अथवा प्रयोगशाळेतील संगणकाच्या लेखी हा विद्यार्थी आवारातच बसलेला असतो.

या युक्तीची उपयुक्तता कोणी नाकारणार नाही. तथापि तिच्या मुळाशी असलेले गृहीत तपासून पाहण्याजोगे आहे. ते असे की, वाचण्याचा अधिकार व्यक्तीचा नसून जागेचा आहे. सोलापुरास हे गृहीत विशेष जाचक ठरते. २००४ साली स्थापन झालेले व २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने ओळखले जाणारे येथील विद्यापीठ एकाच जिल्ह्यापुरते आहे. त्यापूर्वी येथील महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठास संलग्न होती. विद्यापीठ जवळ आले हे खरे; परंतु करमाळा किंवा माळशिरस येथील विद्यार्थ्यास केगावचे आवार आजही शंभर किलोमीटरांहून दूर आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, तेव्हा तर आवाराशेजारी राहणारा विद्यार्थीही तितकाच दूर गेला.

गंमत अशी की, तालुक्याच्या महाविद्यालयांकरिता गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने जी एन-लिस्ट योजना राबविली, तिच्यात सभासदास स्वतःचे नाव व परवलीचा शब्द मिळत असे. म्हणजे ज्यांना 'आवार' म्हणण्याजोगे काही नव्हते त्यांचा अधिकार व्यक्तीशी जोडला गेला, आणि विद्यापीठांचा मात्र दीर्घकाळ कुंपणाशीच बांधलेला राहिला. याच केंद्राच्या इन्फेड या व्यवस्थेत वाचकाची ओळख त्याची संस्था पटवून देते, व त्यामुळे बोगद्याची आवश्यकता उरत नाही. पत्रिका वाचण्यापुरती हीच वाट अधिक सरळ म्हणावी लागते. परवानाबद्ध प्रणाली चालविण्यास किंवा विभागाच्या संगणकावर आकडेमोड करण्यास मात्र अद्याप बहुधा व्हीपीएनचाच आधार घ्यावा लागतो. आणि आवारातील वीज गेली की पंढरपूरचा विद्यार्थीही अडतो, हा त्याचा दोष तेथे सोसावाच लागतो.

परंतु कुंपण केवळ जागेचे असते असेही नाही. 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केली. ३० प्रकाशकांच्या सुमारे १३,००० पत्रिका आणि तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये असा तिचा व्याप. ती मंजूर झाली केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी; जिल्ह्यातील बहुतेक महाविद्यालये मात्र खाजगी शिक्षणसंस्थांनी उभारलेली आहेत. एकाच विद्यापीठाची पदवी घेणाऱ्या दोघांत असा भेद कोणत्या शैक्षणिक तत्त्वाने करावयाचा, याचे उत्तर तंत्रज्ञांकडे मागण्यात अर्थ नाही.

मराठीच्या अभ्यासकापुढे याहून निराळाच प्रश्न उभा राहतो. त्याला ज्यांची नित्य गरज पडते ती साधने बहुधा कुंपणाबाहेर, खुलीच आहेत: शोधगंगेवरील प्रबंध, मराठी विश्वकोश, राज्य मराठी विकास संस्थेने संगणकीय रूपात आणलेले दुर्मिळ ग्रंथ. इतक्या खटपटीने कुंपणाच्या आत शिरल्यावर त्याच्या हाती लागतात त्या मुख्यतः इंग्रजी पत्रिका. त्यांचे मोल कमी नाही. समीक्षेच्या अभ्यासकाने त्या वाचल्याच पाहिजेत. परंतु ज्या जुन्या मराठी नियतकालिकांचे अंक ग्रंथालयाच्या कपाटात पिवळे पडत आहेत आणि ज्यांचे चित्रण झालेले नाही, त्यांच्यापर्यंत कोणताही बोगदा पोहोचत नाही. त्यासाठी अक्कलकोटच्या विद्यार्थ्यास आजही एस. टी.ने यावे लागते, आणि ग्रंथालय बंद होण्याच्या आत टिपणे पुरी करून परतावे लागते.