पुसण्याचा अर्ज

कायद्याचा मजकूर वाचताना मी आधी एकच पाहतो : क्रियापदाचा कर्ता कोण? ब्रिटिशांच्या १९२०च्या कैदी-ओळख कायद्याचे कलम ७ सांगे, की पूर्वी शिक्षा न झालेला आरोपी निर्दोष सुटला, तर त्याचे ठसे व छायाचित्रे नष्ट करावीत किंवा त्याच्या हवाली करावीत. याला अपवाद करायचा, तर कारणे लेखी नोंदवावी लागत.

त्याच्या जागी २०२२मध्ये आलेल्या कायद्याने बुबुळे, जैविक नमुने, हस्ताक्षर यांचीही भर घातली. नोंदी जपण्याची मुदत ७५ वर्षे. निर्दोष सुटलेल्याची नोंद नष्ट करण्याची तरतूद आहे. ‘हवाली करावीत’ हे शब्द मात्र गळाले. शिवाय नियमांनुसार नष्ट करण्याची विनंती नोडल अधिकाऱ्याकडे करायची. कर्ता बदलला तो इथे. सरकारचे कर्तव्य होते, त्याचा नागरिकाचा अर्ज झाला.

पुट्टस्वामी खटल्यात २०१७मध्ये नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्क मानले. पण अशा अर्जाची वाटही ठाऊक नसलेला मजूर निर्दोष ठरूनही दप्तरात राहणार असेल, तर तो हक्क कोणाचा? परक्या सत्तेने निदान कागदावर मान्य केलेले कर्तव्य स्वराज्याने नागरिकाच्या गळ्यात घालावे, हे मला पटत नाही.