तोंड नव्हे, हात दाबून

'चिल्ड्रन ऑफ अ लेसर गॉड' हा १९८६ सालचा चित्रपट तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. कर्णबधिर सारा आणि तिच्या शाळेत नव्याने आलेला, ऐकू येणारा शिक्षक जेम्स यांची ही प्रेमकथा. आता तो पुन्हा पाहाल तेव्हा एका गोष्टीकडे लक्ष द्या. सारा सांकेतिक भाषेत जे बोलते, ते बहुतेक सगळे जेम्स स्वतः मोठ्याने बोलून दाखवतो. तिचा राग, तिची थट्टा, त्यालाच दिलेला नकार, सगळे आपल्यापर्यंत पोचते ते त्याच्या आवाजात. तो नीट सांगतोय की पदरचे घालतोय, हे सांकेतिक भाषा न येणाऱ्या प्रेक्षकाला कळायला मार्ग नाही.

या चित्रपटासाठी मार्ली मॅटलिनला वयाच्या एकविसाव्या वर्षी ऑस्कर मिळाले. पुरस्कार हातात दिला तो जेम्सची भूमिका करणाऱ्या विल्यम हर्टने. तेव्हा दोघे एकत्र राहत होते. २००९ साली आलेल्या 'आय विल स्क्रीम लेटर' या आत्मचरित्रात मॅटलिनने लिहिले की त्या काळात हर्ट तिला मारहाण करत असे. त्यानंतर हर्टने आपल्यामुळे झालेल्या दुःखाबद्दल जाहीर माफी मागितली. २०२२ मध्ये तो वारला.

हे आज आठवायचे कारण म्हणजे 'मार्ली मॅटलिन : नॉट अलोन एनीमोर' हा २०२५ चा माहितीपट. दिग्दर्शिका शोशाना स्टर्न स्वतः कर्णबधिर आहे. सोफ्यावर समोरासमोर बसून दोघी हातांनी गप्पा मारतात, आपण ओळी वाचत राहतो. मध्ये कोणी पुरुष नाही, कोणाचा उसना आवाज नाही. जुन्या चित्रपटाला यापेक्षा नेमके उत्तर देता आले नसते. ऑस्कर घ्यायला पायऱ्या चढताना आपण घाबरलेलो होतो, हे मॅटलिन इथे सांगते. टाळ्या वाजवणाऱ्या सभागृहाला ते दिसले नव्हते.

माहितीपटाचा सर्वांत मोलाचा भाग मला वाटतो तो भाषेबद्दलचा. मॅटलिन दीड वर्षाची असताना तिची श्रवणशक्ती गेली. घरात बाकी सगळे ऐकणारे. कर्णबधिर मुलांपैकी दहातील नऊहून अधिक अशाच घरांत जन्मतात. आपण लहानपणी किती गोष्टी न शिकवता शिकलो ते आठवा. ओट्यापाशी आई आणि मावशी हलक्या आवाजात बोलत असत, रेडिओ चालू असे, शेजारचे भांडण भिंतीतून ऐकू येई. 'तिला नवरा मारतो', 'ती माहेरी निघून आली' ही वाक्ये कोणी मुद्दाम शिकवत नाही, ती कानावर पडतात. ज्या मुलीच्या कानावर काहीच पडत नाही तिच्या वाट्याला घरातली फक्त सूचनांची भाषा येते : जेव, झोप, चल. पुढे तिच्यावर हात उगारला जातो तेव्हा या प्रकाराला नाव आहे, त्यावर इलाज आहे, हेही अनेकदा तिला ठाऊक नसते. स्टर्न हे व्याख्यानासारखे सांगत नाही, मैत्रिणींच्या बोलण्यात येऊ देते. म्हणून ते पटते.

आपल्याकडे 'तोंड दाबून बुक्क्यांचा मार' म्हणतात. इथे दाबले जातात ते हात. हात धरून ठेवले की बोलणे बंद. दिवा मालवला की ऐकणेही बंद. श्रवणयंत्र लपवणे, फोन फोडणे, मागून येऊन ढकलणे, हे सगळे त्याच जातीचे. पोलीस दारात आले की ऐकू येणारा नवरा शांतपणे बोलतो आणि जोरजोरात हात हलवणारी बाई आक्रमक दिसते. बेड्या पाठीमागे घातल्या तर तिची जीभच बांधल्यासारखे होते.

चित्रपटांनी या स्त्रीचे मौनच जास्त पाहिले. 'जॉनी बेलिंडा' (१९४८) मध्ये बलात्कार झालेल्या बेलिंडाची भूमिका ऐकू येणाऱ्या जेन वायमनने केली, एकही शब्द न बोलता, आणि ऑस्कर मिळवले. पण शेवटी खटल्यातून बेलिंडा सुटते ती दुसऱ्या, बोलणाऱ्या बाईने सत्य सांगितल्यावर. आपल्या 'खामोशी'त (१९९६) गोव्यातल्या कर्णबधिर जोडप्याची मुलगी आईवडिलांचा आवाज होते, आणि नाना पाटेकर व सीमा बिस्वास यांच्यामुळे ते नाते मनात राहते. मात्र अशाच एखाद्या घरात बाप आईला मारत असता तर? डॉक्टरांसमोर ते भाषांतर त्या लेकीनेच करायचे का? हा प्रश्न त्या चित्रपटाचा नव्हता हे मान्य. तो आपण विचारायला हवा.

स्टर्नच्या माहितीपटाबद्दल माझी तक्रार इथे सुरू होते. मॅटलिनजवळ ऑस्कर होते, जॅक जेसनसारखा वर्षानुवर्षांचा दुभाषी होता, घरात जागा देणारे हेन्री विंकलर होते. हे काहीच नसलेल्या बाईचे काय, याला माहितीपट ओझरता स्पर्श करून पुढे जातो. खरे तर ज्या १९८६ साली तो चित्रपट आला, त्याच साली सिॲटलमध्ये मॅरिलिन स्मिथ या कर्णबधिर स्त्रीने अत्याचार सोसणाऱ्या कर्णबधिर स्त्रियांसाठी संस्था सुरू केली. स्वतः त्यातून गेलेली ही बाई. अशा ठिकाणी समुपदेशक स्वतः सांकेतिक भाषेत बोलतात, दारावर घंटेऐवजी दिवा लुकलुकतो, मदतीचा फोन व्हिडिओवर घेतला जातो. ब्रिटनमध्ये साइनहेल्थ ही संस्था असेच काम करते, आणि २०२२ पासून तिथे ९९९ ला ब्रिटिश सांकेतिक भाषेतून व्हिडिओवर बोलता येते. या कामाला माहितीपटात आणखी दहा मिनिटे मिळाली असती, तर एका ताऱ्याची कहाणी सगळ्यांच्या उपयोगाची झाली असती.

आपल्या घरांत ही कहाणी आणखी गुंतागुंतीची होते. पुण्याहून न्यू जर्सीला लग्न करून आलेल्या कर्णबधिर मुलीला अमेरिकन सांकेतिक भाषा येत असेल असे समजू नका. भारतीय सांकेतिक भाषा वेगळी आहे. तिची इंग्रजी मुळाक्षरे दोन हातांनी करतात, अमेरिकन एका हाताने. ओठ वाचायची सवय असेल तर ती मराठी ओठांची. म्हणजे दवाखान्याने नियमाप्रमाणे दुभाषी बोलावला तरी त्याचे हात तिला परके. मग नवरा म्हणतो, 'मी सांगतो ना', आणि सगळ्यांना हायसे वाटते. व्हिसा त्याच्या नोकरीवर, भाषा त्याच्या तोंडी. अमेरिकेच्या अपंगत्वविषयक नियमांनुसार, आणीबाणी किंवा रुग्णाची स्वतःची इच्छा सोडली तर, सोबत आलेल्या माणसावर दुभाषी म्हणून विसंबता येत नाही. नियम आहे, पण तो मागायचा कोणी? अशा वेळी दोन्ही बाजू जाणणारा कर्णबधिर दुभाषीही मागता येतो, हे फार थोड्यांना माहीत असते.

तेव्हा माहितीपट जरूर पाहा, आणि मंडळाच्या चित्रपट-मंडळींत दाखवता आला तर दाखवा. नंतरच्या चर्चेत 'किती धीराची बाई' एवढ्यावर थांबू नका. आपल्या मंडळाच्या मदतीच्या यादीत फक्त आवाजी फोन नंबर आहेत का, ते विचारा. गणपतीला भेटणाऱ्या त्या गप्प वहिनींशी तुम्ही आजवर त्यांच्या नवऱ्यामार्फतच बोलला असाल, तर पुढच्या वेळी कागद-पेन किंवा फोन पुढे करा आणि थेट त्यांच्याशी बोला. पहिल्या भेटीत त्या काही सांगणार नाहीत. पण नवऱ्याला वगळून आपल्याशी बोलणारे कोणीतरी आहे, एवढे त्यांना कळेल.